जांभळ्या दातांचं हळदीकुंकू

आधीच कबूल करते, या किश्शात माझी पुरती शोभा झाली आहे. तरी जिंकले मीच! कशी, ते ऐका. मधे हसलात तरी चालेल. आमच्या लक्ष्मीबाई नगरात आजही मला बघून लोक आधी हसतात आणि मग पटकन तोंड मिटून घेतात.

तर झालं काय, सुमाआत्या साताऱ्याहून महिनाभर आमच्याकडे आली होती. सुमाआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. बाबा ऑफिसात सगळ्या सेक्शनवर डाफरतात आणि आत्यासमोर आवाज न करता चहा पितात. आता समजलं ना?

दिल्लीतली जानेवारीची थंडी. रोज सकाळी आत्या दोन स्वेटर, एक शाल अशा थाटात बाल्कनीत उन्हाला बसायची आणि डबी उघडायची. मशेरी! तंबाखू भाजून केलेली काळी पूड. ती बोटावर घेऊन अर्धा तास दात घासायचे, मधेच खालच्या भल्ला आंटींशी हिंदीत हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, आणि मग चूळ भरायची. चूळ गुलाबी!

"आत्या, रक्त येतंय!"

"येऊ दे की. वाईट रक्त हाय ते. गेलेलं बरं."

हे ऐकून माझं डोकं फिरणार नाही तर काय होणार? तिचा खालचा एक दात हलत होता. जेवण फक्त डाव्या बाजूनं. पोळी चहात बुडवून. माझी मैत्रीण मानसी डेंटल कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. ती म्हणाली, "मशेरी बंद कर म्हणावं आणि दातांवरचं कीटण काढून घे. आत्ता केलं तर बाकीचे दात वाचतील. नाहीतर एकेक करून सगळे हलायला लागतील."

आत्याचं परतीचं तिकीट दहा दिवसांवर होतं. साताऱ्याला गेल्यावर ती काही डॉक्टरकडे जाणार नव्हती. म्हणजे जे काही करायचं ते दहा दिवसांत.

"आत्या, चल ना डेंटिस्टकडे. फक्त दाखवू."

"दातवाला एकदा तोंडात शिरला की समदं उपटूनच भायेर येतो. मला न्हाई जायचं. आणि रेवे, तू मला दात शिकवू नको. तुझ्या बापाला मी दात घासायला शिकवलंय."

यावर बाबा पेपरमागून म्हणाले, "खरंय ते."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे कशाला सांगत बसले असते? पण त्याच आठवड्यात आईचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी सुचवलं, यंदा वाण म्हणून मऊ ब्रश द्या! पहाडगंजच्या होलसेलवाल्याकडून दोन डझन आणलेसुद्धा. आई माझ्याकडे असं बघत राहिली, जणू मी वाण म्हणून झाडू द्या म्हणाले होते.

"रेवा, बायका काय म्हणतील? आमच्या तोंडाला वास येतो असं सुचवताय का?"

"येतच असेल तर?"

"चल, जा इथून!"

ब्रश माझ्या कपाटात गेले. वाण म्हणून प्लास्टिकचे डबे आले. दरवर्षीप्रमाणे.

मग मानसीनं मला एक बाटली दिली. तिच्या कॉलेजच्या शिबिरात वापरतात त्या गोळ्या. लालसर, गोडसर, चावून खायच्या. दात स्वच्छ असतील तर काही होत नाही. पण जिथे जिथे चिकट थर साचलाय, तिथे रंग चढतो. कालचा थर असेल तर गुलाबी, जुना असेल तर जांभळा. अपाय काही नाही, ब्रशनं नीट घासलं की जातो.

माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. आत्या गोळी म्हटलं की तोंड फिरवते, पण हलवा? संक्रांतीचा रंगीत हलवा ती दिवसभर गालात धरून बसते! चष्मा तर देवघरात विसरलेला असतो. हळूच चारायच्या, आरसा समोर धरायचा आणि म्हणायचं, बघ तुझी मशेरी काय करते ते. बिनतोड पुरावा!

चारच गोळ्या वाटीत ठेवल्या तर आत्याला संशय येईल, म्हणून मी अख्खी बाटली चांदीच्या वाटीत रिकामी केली. इथेच माझं शहाणपण संपलं. ती वाटी मी देवघराशेजारी ठेवली आणि गजरे आणायला आयएनए मार्केटला पळाले.

परत आले तर हॉलमध्ये पंधरा-सोळा बायका. सगळ्या काहीतरी चावतायत. मोठ्या तबकात तिळगूळ, हलवा आणि त्याच्यावर...

"आई, हा कुठला हलवा?"

"अगं, बायका जास्त आल्या, हलवा पुरेना. तर देवघराशेजारी वाटीभर निघाला! पुण्याहून मावशीनं हलवा पाठवला ना, त्यातच हाही वेगळा बांधून पाठवला असणार. यंदा काटे मात्र नाहीत बघ त्याला."

माझ्या हातातले गजरे खाली पडले.

इतक्यात भल्ला आंटी खळखळून हसल्या. त्यांच्याकडे बघून आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष कुलकर्णी काकू किंचाळल्या. काकूंचं किंचाळणारं तोंड बघून बाकीच्या किंचाळल्या. तोंडं उघडली आणि काय सांगू, पैठणीच्या काठाला शोभतील असे एकेकीचे दात! गुलाबी, जांभळे, कुणाचे दोन्ही.

"हाय रब्बा! ये क्या खिला दिया, भाभीजी?"

"भेसळ!" काकूंनी निकाल दिला. "पुण्याच्या हलव्यात भेसळ! पोलिसात द्यायला पाहिजे!"

आईनं तडक पुण्याला मावशीला फोन लावला, तोही स्पीकरवर. "तुला लाज वाटली नाही असला हलवा पाठवायला?" तिकडून मावशी कडाडली, "माझा हलवा? मी स्वतः उभी राहून घेतलाय! थांब, आत्ता जाते दुकानात, त्या माणसाची गचांडी धरते!"

मावशी बोलते तसं करते. पुण्यातल्या एका निरपराध माणसाचा जीव धोक्यात होता. मी स्टुलावर चढले.

"मावशी, थांब! कुणी पोलिसात जाऊ नका! हलवा चांगला आहे. त्या गोळ्या माझ्या आहेत!"

मग मी सगळं सांगून टाकलं, मराठीत आणि भल्ला आंटींसाठी हिंदीत. रंग म्हणजे विष नाही, तुमच्या दातांवरचा थर आहे. त्या थरातले जंतू साखर खाऊन आम्ल करतात, त्यातून कीड लागते. तोच थर हिरडीजवळ साचून कडक झाला की कीटण, मग सूज, मग रक्त, मग दात हलणार. जिला जांभळा रंग आलाय तिनं डेंटिस्टकडे जायचं. उद्याच! सबबी चालणार नाहीत. कुणालाही सूट नाही!

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा.

आई चप्पल शोधत होती. पण कुलकर्णी काकूंनी हळूच विचारलं, "आता हे निघायचं कसं? मला इथून एका लग्नाला जायचंय."

झालं! माझ्या कपाटातले दोन डझन ब्रश बाहेर आले. गीझरचं गरम पाणी बादलीत, आणि आमच्या एकुलत्या एका बेसिनसमोर भरजरी साड्यांची रांग! पदर खोचलेले, नथी सांभाळलेल्या, आणि मी मधे उभी राहून ओरडतेय, "जोर लावू नका! ब्रश हिरडीकडे तिरका धरा! दोन मिनिटं, गोल गोल! आतल्या बाजूनं पण! जीभ विसरू नका!" त्या दिवशी मला राज्याभिषेक झाल्यासारखं वाटलं.

आत्या मात्र खुर्चीवरून हलली नव्हती. हातातल्या आरशात आपले जांभळे दात बघत होती. एका दातावरून बोट फिरवत म्हणाली, "इतकी वर्सं घासलं मी. मग ह्ये काय गं?"

तिचा तो आवाज ऐकून माझा सगळा ताव उतरला. मी शेजारी बसले. "आत्या, घासण्यात तुझी चूक नाही. मशेरीची आहे. उद्या येशील?"

तिनं मशेरीची डबी माझ्या हातात दिली. "येते. पण तू बी एक गोळी खा. तुझं दात बघू दे मला. सोच्छ कसं असत्यात ते."

आनंदानं! सकाळीच खसाखसा घासले होते. तबकातली उरलेली गोळी चावली, चूळ भरली, सगळ्यांसमोर आले आणि छान हसले.

भल्ला आंटींच्या हातातला ब्रश थांबला.

"रेवे," आत्या म्हणाली, "आरसा देऊ का?"

जांभळे! गुलाबी नाही हो, मुळापासून टोकापर्यंत जांभळे! हळदीकुंकवातले सगळ्यात गडद.

"कुणालाही सूट नाही म्हणालीस ना?" आईनं विचारलं. तिला चप्पल शोधायची गरजच उरली नाही.

दुसऱ्या दिवशी करोल बागेतल्या दवाखान्यात रिसेप्शनवरच्या मुलीनं विचारलं, "पेशंट कौन है?" मी आत्याकडे बोट दाखवलं. आत्यानं माझ्याकडे.

आत्याचं कीटण निघालं. तिकिटाच्या आदल्या दिवशी तिची चूळ पांढरी होती, आणि साताऱ्याला ती मशेरीशिवाय गेली. हलणाऱ्या दाताचा भरवसा नाही, पण बाकीचे टिकतील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आमच्या हळदीकुंकवातल्या सात जणी त्यांच्याकडे जाऊन आल्या. येत्या संक्रांतीला वाण म्हणून आई स्वतःहून ब्रश देणार आहे. बोला, कोण जिंकलं?

माझे दोन दात किडलेले निघाले. अभ्यास करताना तासनतास घोट घोट पीत बसायचं ते गोड कोल्ड्रिंक भोवलं. शिवाय डॉक्टरीणबाईंनी माझी घासण्याची पद्धत करून दाखवायला लावली. बघून म्हणाल्या, "बेटा, आप दाँत साफ करती हैं या कढ़ाई माँजती हैं?"

मशीन सुरू झालं तशी मी खुर्चीचे हात घट्ट धरले. आत्या शेजारीच उभी होती. माझ्या कपाळावर हात ठेवून, बाहेर बसलेल्या सगळ्या पेशंटांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"घाबरू नगंस, पोरी. आणि आता नीट शिकून घे. जोर लावायचा न्हाई. दोन मिनिटं. गोल गोल."