करवतीकाठी उपरणं

मी बी.ए. झालो तो माझ्या मामांमुळे. चिमूरला हातमाग चालवून त्यांनी मला शिकवलं. पास झालो तेव्हा करवतीच्या दातांसारख्या काठाचं उपरणं स्वतः विणून दिलं.

गडचिरोलीच्या आमच्या कचेरीत एक कारकून होता. त्याचे कपडे मोजकेच, पण अंगावर असे बसत की साहेबही वळून पाहत. वाटेत ओढा आला की तो वहाणा काढून छातीशी धरायचा. दुसऱ्याची छत्रीसुद्धा मूठ निरखल्याशिवाय परत देत नसे. मी त्याच्याच शिंप्याकडून सदरा शिवून घेतला, तर तो माझ्या अंगावर पोत्यासारखा दिसला.

एकदा तो खोलीवर आला आणि उघड्या पेटीतलं उपरणं त्याला दिसलं. उजेडात नेऊन त्यानं काठ उलटून पाहिला.

"मामांनी विणलंय," मी म्हणालो.

"अन् तुमी काऊन कोंडून ठेवलं, भाऊ? दोन्हीकून सारखाच काठ हाय! मामाले सांगा, मलेबी एक पाह्यजे."

त्यानं ते सहज खांद्यावर टाकलं. माझ्या खांद्यावर ते तसं कधीच पडलं नव्हतं.

मी मामांना लिहिलं, "इथल्या एकाला तुमच्या हातचं उपरणं हवं आहे. माणूस कदर करणारा आहे, चांगलं विणा. फक्त करवतीचा काठ त्याला देऊ नका."