देवाला हॉर्न कळतो

घाटात वळणावर घुमटी आली की गाडीतल्या सगळ्यांचे हात आपसूक कपाळाकडे जातात. आपल्याकडे तर ड्रायव्हरचाही जातो. एक हात देवाला, एक स्टिअरिंगवर, आणि तेही नेमकं वळण घेताना! काकूंचा हात मात्र कधी गेला नाही. त्या दोन बारीकसे हॉर्न द्यायच्या आणि पुढे निघायच्या.

“देवाला हॉर्न कळतो,” असं त्यांचं म्हणणं. “हात जोडायचे तर गाडी बाजूला लाव, खाली उतर नि मग जोड. चालवता चालवता हात जोडले म्हणजे समजायचं, ड्रायव्हरचा सोतावरचा भरवसा गेला.”

आमच्या आळीत गाडी चालवणारी पहिली बाई म्हणजे काकू. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? आता मुली मोटारसायकलवरून मिरकरवाड्याला मासे आणायला जातात. जातात खऱ्या. पण तेव्हा आळीत बाई सायकलवर बसली तरी लोक पडवीत येऊन बघायचे.

काकूंचे यजमान बोटीवर होते. एका रजेत त्यांनी जुनी गाडी घेतली, गुरं विकल्यामुळे रिकाम्या पडलेल्या गोठ्यात ती लावली आणि परत बोटीवर गेले. जाताना एवढंच बजावलं, की रोज चालू करून ठेव, नाहीतर बॅटरी उतरेल. काकू चुलीवर दूध ठेवून गोठ्यात जायच्या, गाडी चालू करायच्या आणि तिथेच बसून राहायच्या. बसून बसून किती दिवस बसणार? गाडीचं तोंड भिंतीकडे होतं, पुढे जायला जागाच नव्हती. त्यामुळे काकूंना आधी मागे जाणं आलं, पुढे जाणं नंतर.

पहिल्याच फेरीत त्यांनी गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, चिरे पाडले. ते त्यांनी पुन्हा कधी रचले नाहीत. पुढे शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला त्या आधी ते भगदाड दाखवायच्या. “ह्या माझा लायसन. घाबरू नको गो. चिरे पडतात, मानूस नाय पडला म्हणजे झालं.”

यजमान पुढच्या रजेला आले तेव्हा काकू त्यांना आणायला स्टँडवर गाडी घेऊन गेल्या. ते सामान डिकीत टाकून मागे बसले आणि म्हणाले, “ड्रायव्हर खंय गेला?”

“तुमच्या पुढ्यात बसलाय,” काकू म्हणाल्या.

घरी पोचेपर्यंत ते पुढची सीट दोन्ही हातांनी धरून बसले. रात्री जेवताना मात्र म्हणाले, की ब्रेक बरा मारतेस. काकू हे सांगताना म्हातारपणीही लाजायच्या.

काकू दिसल्या की टपरीवरची मंडळी मुद्दाम उठून गटाराच्या पलीकडे जाऊन उभी राहायची. पुढे त्यांच्याच सुना, लेकी काकूंकडे शिकायला आल्या. मीही त्यांतलीच. काकू चपला काढायला लावायच्या, पदर घट्ट खोचायला लावायच्या आणि चुकलं की मांडीवर चापट मारायच्या. मी शिकले, लायसनही काढलं. पण घाटात चालवायची म्हटलं की मी काहीतरी सबब सांगायची. मी गावातल्या गावातच फिरायची.

यजमान गेले, काकूंची सत्तरी उलटली, तरी गाडी चालूच होती. पुण्याचा मुलगा दर फोनला म्हणायचा, “आई, आता पुरे.” काकूंचं उत्तर ठरलेलं. “गाडी आधी मला सांगेल, मग मी तुला सांगेन.” पण ते त्यांना वेळेवर कळेल का, याची आम्हां सगळ्यांनाच धास्ती होती. गाडी काढून घेतली तर काकू खचतील आणि नाही घेतली तर एखाद्या वळणावर जातील. सांगणार कोण?

एकदा आम्ही दोघी देवरूखला एका लग्नाला निघालो. निवळीचा घाट उतरत होतो. समोरून ट्रक आला. मला तो केव्हाच दिसला होता. काकूंना दिसला तो अगदी जवळ आल्यावर. त्यांनी गाडी डावीकडे ओढली, ट्रक शिव्या घालत गेला. लगेच घुमटी आली. मी हॉर्नची वाट बघत होते. हॉर्न वाजला नाही. काकूंचा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि कपाळाला लागला.

जरा रुंद जागा आली तशी त्यांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक लावला आणि किल्ली काढून माझ्या हातात दिली.

“काकू, घाट आहे हो!”

“घाट हाय म्हणूनच देतंय. मी बघितलंय तुला, तुला येतो.”

मग त्या खाली उतरल्या. मागे राहिलेल्या घुमटीपर्यंत चालत गेल्या, चपला काढल्या आणि दोन्ही हात जोडून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्यांना तिथे हात जोडताना मी पहिल्यांदा बघत होते. मला रडू आवरेना.

बावनदीच्या पुलापर्यंत मी गाडी कशी नेली ते देवच जाणे. काकू डावीकडे बसल्या होत्या. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं, आणि प्रत्येक वळणाला त्यांचा उजवा पाय खालच्या पत्र्यावर ब्रेक दाबत होता. पूल ओलांडल्यावर म्हणाल्या, “या बाजूनं नदी केवढी दिसते गो! मी कधी बघितलीच नव्हती.” त्या दिवशी मुलाला फोन त्यांनी स्वतः लावला.

त्यानंतर मीच त्यांना कुठे कुठे घेऊन जायची. गेल्या पावसाळ्याआधी काकू गेल्या.

मध्यंतरी देवरूखला एकटीच निघाले होते. वळणावर घुमटी आली तसे दोन बारीक हॉर्न दिले आणि सवयीनं डावीकडे बघितलं. सीट रिकामी होती. डोळे भरले, पुढचा रस्ता दिसेना. मग त्यांनी सांगितलं होतं तसंच केलं. गाडी बाजूला लावली, खाली उतरले आणि हात जोडले.