सौद्यामागून चालताना

लातूरच्या बाजारात सौदा एका जागी उभा राहत नाही. आडत दुकानांसमोर सोयाबीनचे ढीग लागलेले असतात. खरेदीदारांचा घोळका एका ढिगापाशी येतो, हात खुपसतो, मूठभर दाणे वर काढतो, बोली लागते आणि घोळका पुढच्या ढिगाकडे सरकतो. एका दैनिकासाठी रोजचे दर टिपत मी या घोळक्यामागून चालत आलो आहे. दर मुठीबरोबर धूळ उठते.

माझ्या फुफ्फुसांच्या नळ्या कायमच्या अरुंद झाल्या आहेत. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं, "गेलेलं परत येणार नाही. आहे ते टिकवायचं. चालणं सोडू नका, धूळ सोडा."

"बाजारात धूळच असते."

"मग मास्क लावा, श्वासाचा पंप वेळेवर घ्या. आणि घाई करू नका."

घाई न करता सौद्यामागे जाता येत नाही. मी दोन दुकानं मागे पडू लागलो. हमालांच्या ते लगेच लक्षात आलं.

"पेपरवाले, सौदा पळून चालला की!"

"त्याला म्हणावं, थांब जरा," मी म्हणालो. एवढं बोलायलाही मध्ये श्वास घ्यावा लागला.

दैनिकाच्या नांदेड कार्यालयात मी आजाराबद्दल बोललो नव्हतो. माझं काम वर्षाच्या करारावर होतं. नांदेडला बसून फोनवर दर घेता येतील, लातुरात वेगळा माणूस कशाला, असं आवृत्तीप्रमुखांनी एका बैठकीत म्हणून ठेवलं होतं.

एका आडत्याशी माझी जुनी ओळख होती. कपाळावर विभूती, तोंडात सुपारी. एके दिवशी त्याने मला खांबाला धरून उभं राहिलेलं पाहिलं.

"कशाला धापा टाकत फिरायलात? या, गादीवर बसा. दर आमचा मुनीम सांगतो की."

मी बसलो. चहा आला. मुनीम फिरून आला आणि त्याने त्या दिवसाचा किमान आणि कमाल दर सांगितला. कमाल दर मला जास्त वाटला.

"हा कुठल्या मालाला लागला?"

"लागला की एका ढिगाला."

"ढीग केवढा होता?"

मुनीमाने मालकाकडे पाहिलं. "दोन पोती आसतील. बियाण्याचा माल होता, लई निवडक."

"अन् बाकीचा बाजार?"

"बाकीचा खालीच हाय."

"खोटं काय हाय त्यात?" आडत्या म्हणाला. "दर तर निघालाच ना? पेपरात चांगला दर आला की नांदेडकडचा, नायगाव-भोकरचा मालही इकडं येतो. तुमचं बी काम झालं, आमचं बी."

खोटं त्यात काही नव्हतं. चालत गेलो असतो तर तो ढीग मला दिसला असता आणि त्याचा दर मी बाजूला ठेवला असता. नायगावहून गाडी भरून येणाऱ्याला तो दिसणार नव्हता, फक्त छापलेला दर दिसणार होता.

त्या दिवशी मी फक्त सर्वसाधारण मालाचा दर पाठवला, तोही गादीवरून उठून समोरच्या दुकानांची एक ओळ स्वतः फिरून. थोड्या वेळाने आवृत्तीप्रमुखांचा फोन आला.

"कमाल दर कुठंय?"

"मी पाहिला नाही."

"पाहायचं काय त्यात? सगळे फोनवरच घेतात."

"तसं घ्यायचं असेल तर माझी गरज नाही."

मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला दम लागलाय का? आवाज कसा येतोय?"

तेव्हा मी आजार सांगितला, नावासकट. पूर्ण बाजार फिरणं आता होणार नाही, हेही सांगितलं. रोज एक ओळ फिरेन, ओळ रोज बदलेन आणि छापताना एका ओळीचा दर असं स्पष्ट लिहू, असं सुचवलं.

"लोकांना कमाल-किमान लागतं," ते म्हणाले. "बघू. सोयाबीनचा हंगाम संपेपर्यंत करा असं. करार पुढे न्यायचा की नाही, ते मग ठरवू."

दुसऱ्या दिवशी पंप घेऊन, मास्क बांधून मी शेवटच्या ओळीत आधीच जाऊन बसलो. घोळका तिथे आला तेव्हा उठलो आणि त्याच्याबरोबर ओळ संपेपर्यंत चाललो. घोळका वळला, मी थांबलो. परत जाताना आडत्या गादीवरूनच ओरडला, "आज आमची ओळ न्हाई व्हय?"

"उद्या."

"मग उद्या निवडक मालाचा ढीग मोठा लावतो. बघा नीट, न्हाईतर म्हणाल दिसला न्हाई."

मुनीम हसला. हंगाम अजून संपायचा होता.