बिनखिशाचा कोट

सोसायटीने आम्हा कामवाल्या बायकांना राखाडी कोट दिलेत. गेटातून शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत साडीवरून घालायचे. कोटाला खिसा नाही. शिंपी विसरला म्हणून नाही, मुद्दामच ठेवलेला नाही. खिसा असला की आम्ही काहीतरी घालून नेऊ म्हणून.

काल लिफ्टमध्ये शांताबाई भेटली. नांदेडची, माझ्यासारखीच पोटासाठी बंगळुरात आलेली. तिने कोटावर पुढे भलामोठा खिसा शिवला होता, जुन्या हिरव्या लुगड्याचा, काठासकट.

"अगं बाई, कामावरून काढतील तुला!"

"काढू दे. त्यांच्या कुत्र्याच्या स्वेटरलाबी खिसा हाय, बघितला न्हाईस का?"

मी हसले आणि लगेच अंगाची लाहीलाही झाली. सातवीत शाळा सुटलेल्या मला या घरांनी काम दिलं, तापात औषध दिलं. ते मी विसरत नाही. पण त्या उपकारापोटी मी रोज गळ्यापर्यंत बटणं लावते आणि 'ही चोर असेल' हा संशय अंगावर घेऊन त्यांचीच भांडी घासते. का म्हणून?

लिफ्ट थांबली. सेक्रेटरीबाई आत आल्या, खिशाकडे बघून हिंदीत म्हणाल्या, "यात काय आहे?"

शांताबाईने खिसा उलटा करून दाखवला. रिकामा. मग तो आत सारला, त्यात हात घातला आणि मजला येईपर्यंत तशीच ऐटीत उभी राहिली.

माझ्या पेटीत आईचं पिवळं लुगडं आहे. भीती वाटतेच, पण सुई ओवलीय.