पोपटी साडीची घडी

या सदराचा मी जुना वाचक आहे आणि तितकाच जुना संशयी. रत्नागिरीत माझे चष्म्यांचे दुकान आहे. या धंद्यात एक गोष्ट लवकर कळते — माणूस जे पाहतो, त्यातले बरेचसे तो आधीच ठरवून आलेला असतो. त्यामुळे इथले दैवी अनुभव वाचताना मी मनात म्हणत असे, यांचा नंबर वाढला असावा. तसे म्हटल्याबद्दल आज त्या सर्वांची मनापासून क्षमा मागतो.

माझ्या आईला काचबिंदू आहे. कित्येक वर्षे तिला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो. रंग तर मुळीच कळत नाहीत. डॉक्टरांनी ते सांगितले आहेच, पण मी स्वतःही तिला पुन्हा पुन्हा तपासले आहे. गेल्या हिवाळ्यात तिने हट्ट धरला की एकदा कोल्हापूरला जाऊन अंबाबाईचे दर्शन घ्यायचे. ‘दर्शन’ हा शब्द मला टोचला, तरी मी दिवसभरासाठी गाडी ठरवली.

गाडी राजिवड्याच्या यासीनभाईंची. कुवेतला एका मोठ्या घराण्याची गाडी चालवून ते परत आलेले. इतके हळुवार चालवणारा माणूस मी पाहिलेला नाही. आईने निघतानाच त्यांना बजावले होते, “घाट आला की सांगा हो, मी डोळे मिटून घेईन.” बऱ्याच वेळाने तिने पुन्हा विचारले, तेव्हा ते म्हणाले, “काकी, आंबा घाट मघाशीच संपला. आपण मलकापुरात आहोत.” आई मनापासून हसली. तिचे ते हसणे मी फार दिवसांनी ऐकत होतो.

वाटेत ती एकदाच गप्प झाली होती, घाटाच्या पायथ्याशी, साखरप्याला. तिथे माझी कुसुमआत्या एकटी राहते. माझ्या जन्माच्या वेळी आईने अंबाबाईला साडी बोलली होती. पोपटी, जांभळ्या काठाची, नऊवारी. आई बाळंतीण, म्हणून ती साडी तिने नणंदेच्या हाती कोल्हापूरला पाठवली. आत्यासोबत गेलेली एक बाई नंतर आईला म्हणाली की साडी देवीला दिलेली काही तिने पाहिली नाही. आईने आत्याला कधी विचारले नाही. फक्त बोलणे थांबवले. वडिलांच्या दिवसकार्यालाही दोघी एका माजघरात बसल्या आणि एक शब्द बोलल्या नाहीत.

कोल्हापूरच्या त्या देवळात शिरताना माझ्यासारखा माणूसही मान वर करून पाहत राहिला. काळ्या दगडावरचे ते कोरीवकाम, खांबांवरून हात फिरवत जाणारी माणसे, आणि गर्दी असूनही आत उतरलेली शांतता! आईचा हात धरून मी रांगेतून पुढे सरकलो. गाभाऱ्यासमोर आम्हाला क्षणभर थांबता आले. देवीच्या अंगावर लाल साडी होती, सोनेरी काठाची. मी ती नीट पाहिली.

बाहेर आवारात आई दगडी कट्ट्यावर टेकली. तिचा चेहरा असा उजळला होता की मला आधी काळजीच वाटली.

“बघितलंस? पोपटी. जांभळा काठ. माझीच साडी रे.”

मी म्हटले, “हो आई. पोपटीच.”

हे खोटे होते. पण त्या चेहऱ्यासमोर दुसरे काही बोलण्याची माझी छाती झाली नाही.

 आई हळूच म्हणाली, “म्हणजे कुसुमनं पोचवलीन् हो. जाताना साखरप्याला थांबायचं.”

वाहिलेल्या साड्या काही दिवसांनी प्रसाद म्हणून भाविकांकडे जातात, इतक्या वर्षांपूर्वीची साडी आज देवीच्या अंगावर कशी असेल — हे सगळे माझ्या ओठांवर आले आणि तिथेच थांबले. परतीच्या वाटेवर मी स्वतःला दोष देत बसलो. माझ्या एका शब्दावर विसंबून ही म्हातारी आता माफी मागायला निघाली होती. आईने सांगून ठेवल्याप्रमाणे साखरप्याच्या अलीकडे यासीनभाईंनी गाडी हळू केली. आईचे डोळे मिटलेले होते.

“साहेब, वळवू?”

नको म्हटले असते तर आईला घरी पोहोचल्यावरच कळले असते. मी म्हटले, वळवा.

आत्या अंगणात उन्हाला पाठ करून पावट्याच्या शेंगा सोलत होती. आई माझा हात सोडून आवाजाच्या दिशेने गेली.

“कुसुम, मी चुकले. आज अंबाबाईच्या अंगावर साडी बघितली. इतकी वर्षं तुला चोर समजले मी.”

आत्याचे हात थांबले. ‘असू दे’ एवढे ती म्हणाली असती तर सारे तिथेच मिटले असते. तिला कोणी खोटे पाडणार नव्हते. आत्याला मी आज मनोमन नमस्कार करतो, कारण ती म्हणाली, “वैनी, मी ती पोचवलीच नाही.”

मग तिने सांगितले. नवऱ्याने तिला कधी नवी साडी घेतली नव्हती. कोल्हापूरला धर्मशाळेत, सगळ्या झोपल्यावर, तिने ती फक्त खांद्यावर घेऊन पाहिली. घडी मोडली. कोरी राहिली नाही ती साडी देवीला कशी द्यायची? आणि वहिनीला परत तरी कोणत्या तोंडाने करायची? पुन्हा चौकोनी घडी घातली आणि पेटीत ठेवली. नेसली कधीच नाही.

साडी दाखवायला आत्या आम्हाला आत घेऊन गेली. 

यासीनभाईंनी पलंगाखालची पेटी ओढून दिली. वर धुळीचा थर होता. किल्ली आत्याच्या गळ्यात. तिने झाकण उघडले, आणि तिचा हात तिथेच राहिला.

साडी पोपटी होती. काठ जांभळा. पण चौकोनी घडी नव्हती. निऱ्या होत्या. देवीला नेसवताना घालतात तशा, बोटभर रुंदीच्या, एकसारख्या, ताज्या.

“मी निऱ्या कधी केल्याच नव्हत्या, वैनी.”

आईने हात पुढे केला. एकेक निरी बोटांनी चाचपली. तिला जराही आश्चर्य वाटल्याचे दिसले नाही.

“तिच्या अंगावरची साडी परत येते ती प्रसाद म्हणून,” ती म्हणाली. “आता नेस.”

यासीनभाई दारात उभे होते.  रत्नागिरीला उतरताना आईला हात देऊन ते फक्त म्हणाले, “सांभाळून, काकी.”

मी कारणे शोधली, नाही असे नाही. आत्यानेच कधीतरी निऱ्या घातल्या आणि ती विसरली असेल. पण मग पेटीवरची धूळ? आणि आईला दिसलेला रंग? तिने मनातलेच पाहिले, असेही म्हणता येईल. मग पेटीत मी काय पाहिले?

संक्रांतीला आत्या तीच साडी नेसून आमच्याकडे आली. दोघी सकाळपासून बोलत होत्या, अधूनमधून भांडतही होत्या. आईने मला हाक मारून विचारले, कशी दिसतेय रे? मी म्हटले, पोपटी, जांभळ्या काठाची, छान दिसतेय. या वेळी पाहून सांगितले.

रंग ओळखण्यात मी सहसा चुकत नाही. तरी त्या दुपारी देवळाच्या आवारात मी आईशी खोटे बोललो की नाही, हे मला अजून ठरवता आलेले नाही.