एक जाणकार रसिक, नाशिक रोड

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, अगदी देवाला हात जोडतानासुद्धा नाही. आणि मी काही मितभाषी बाई नव्हे हो — शाळेत माझं तोंड बंद करायला तासाची घंटा व्हावी लागते. एवढी बडबडी बाई नऊ वर्षं एका गोष्टीवर मूग गिळून बसते म्हणजे गोष्ट काय असेल, ते तुम्हीच बघा.

सांगते. पण सरळ रस्त्यानं यायला जमेल असं वाटत नाही, थोडं फिरून येते. वाटेत मी स्वतःची बाजू घ्यायला लागले, तर खुशाल मला थांबवा.

साल अठ्ठ्याहत्तर. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, पंचवटीतून सायकलनं जायची. आमच्या संगीत मंडळानं ठरवलं की विद्यार्थ्यांचं एक संगीताचं मासिक काढायचं. नाव 'सा'. मंडळाचे सर म्हणाले, "एवढंच?" मी म्हटलं, "सर, सुरुवात तिथूनच होते ना?" संपादिका मी, मांडणी माझी, मुजोरीही माझीच. कॉलेजच्या वार्षिक अंकासारखं काहीतरी गबाळं मला नको होतं. खरं मासिक हवं होतं. रविवार कारंजाच्या रद्दीवाल्याकडून मी जुन्या मासिकांचा गठ्ठा आणला आणि फूटपट्टी घेऊन बसले. समास किती सोडतात, दोन रकान्यांत अंतर किती, मुलाखतीतला प्रश्न ठळक आणि उत्तर साधं का, चौकट कुठे टाकतात — सगळं वहीत उतरवलं. पानं दुमडून, शिवून बत्तीस पानांची डमी केली. आईनं ती चुकून रद्दीत टाकली तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं होतं.

मुखपृष्ठावर फोटो प्रभाचा. प्रभा म्हणजे माझी मैत्रीण — हो, मैत्रीणच म्हणते, दुसरा शब्द नाही. एकलहऱ्याच्या वसाहतीतून बसनं यायची. तिचे वडील तिथल्या वीज केंद्रात कोळशाच्या खात्यात कामाला. घरी रोज बुद्धवंदना, आणि जयंतीला वडील आणि ती मंडपात उभं राहून गायचे. माईक नसला तरी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जायचा. गाणं ती कुणाकडे शिकली नव्हती. मी सात वर्षं शिकत होते, दोन परीक्षा दिल्या होत्या. आणि गॅदरिंगमध्ये तिनं भावगीत म्हटलं तेव्हा मागे टवाळक्या करणारी पोरंसुद्धा गप्प बसली. माझ्या वेळी ती पोरं शेंगा खात होती.

पोटात दुखलं का? दुखलं. खूप दुखलं. त्यात सरांनी पुण्याच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला एकल गायनासाठी तिचं नाव दिलं, मी कोरसमध्ये. मी साळसूदपणे तिचं अभिनंदन केलं, तिला गळामिठीही मारली. आणि घरी येऊन डमी उघडली.

डमीत एक पान कोरं होतं. एकोणतिसावं. खऱ्या मासिकात तिथे काय असतं? वाचकांची पत्रं. आता पहिलाच अंक — वाचक कुठून आणणार? पण मला खरं मासिक हवं होतं ना! मग पत्रं मीच लिहिली. चार. सातपूरच्या एका आजोबांचं, सिन्नरच्या एका शिक्षिकेचं, एका गृहिणीचं — सगळी कौतुकाची, 'नव्या उपक्रमास शुभेच्छा' छापाची. चौथं पत्र टीकेचं. कारण खऱ्या मासिकात एक तरी पत्र टीकेचं असतंच, नाहीतर कुणी विश्वास ठेवत नाही. असं मी स्वतःला सांगितलं. किती सोयीचा नियम, नाही?

ते पत्र मला अजून पाठ आहे. 'आपल्या स्नेहसंमेलनात एका विद्यार्थिनीने गायिलेले भावगीत ऐकले. गळा गोड आहे. परंतु गाणे म्हणजे केवळ गळा नव्हे, वाणीही हवी. गीतात चार वेळा "पाणी" आले आणि चारही वेळा त्याचे "पानी" झाले. ज्यांना ण म्हणणे जमत नाही, त्यांनी कोरसमध्ये उभे राहावे. तेथे एखादा ण कमी पडला तरी कोणाच्या ध्यानी येत नाही.' आणि खाली सही — एक जाणकार रसिक, नाशिक रोड.

तुम्ही म्हणाल, उच्चाराचीच तर चूक दाखवली. नाही हो. ण आणि न हा आपल्याकडे नुसता जिभेचा मामला कधी असतो? 'पानी' म्हटलं की ऐकणारा मनातल्या मनात आडनाव विचारतो, घर विचारतो, पुढचं काय काय विचारतो. हे मला माहीत नव्हतं का? पक्कं माहीत होतं. म्हणून तर तीच जागा धरली. सुरात तिला पकडता येत नव्हतं, म्हणून मी तिला घरात पकडलं.

पुढचं ऐका. भद्रकालीतल्या छोट्या छापखान्यात रहीमचाचा खिळे जुळवायचे — शिशाचं एकेक अक्षर खणातून उचलून ओळ लावायची, तो जमाना. त्यांनी पान वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "ताई, अंक अजून मशीनवर चढला नाही, वाचकांनी वाचला कधी?" मी म्हटलं, गॅदरिंगबद्दलची पत्रं आहेत, चाचा. ते हसले. अर्ध्या तासानं पुन्हा हाक. "ताई, ह्या पत्रानं माझा ण संपवला. बाकीच्या पानांत गाणं-गाणं करून आधीच गेले होते, आता खण रिकामा. चार ण कमी करा ना, दुसरा शब्द टाका." आणि मग जरा थांबून, "नाहीतर हे पत्रच राहू द्या. पोरगी कुणाची तरी असेल."

राहू द्या म्हणाले. मी म्हटलं, नाही, थांबते. आधीचं पान छापून होईल, त्याचे खिळे सुटतील, त्यातले ण मिळतील. दोन तास मी त्या बाकावर बसून ण ची वाट पाहिली. म्हणजे रागाच्या भरात हातून गेलं, असंही मला म्हणता येत नाही. दोन तास होते. समोर चहा आला, तोही मी प्यायले.

अंक देखणा झाला. सरांनी एकोणतिसावं पान वाचलं आणि म्हणाले, "कोण गृहस्थ आहेत हे? कान तयार आहे. पुण्याच्या परीक्षकांनाही हे खटकेल हो." मी मान डोलावली. मानभावीपणात मला तेव्हा कुणी हरवलं नसतं.

प्रभानं अंक दोन दिवसांनी वाचला. मला वाटलं होतं, रडेल, चिडेल, निदान पत्रलेखकाला शिव्या घालेल. ती कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसली, पानावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "सुधा, हे जानकार रसिक कोन आहेत गं? तुझ्याकडे पत्ता असेल ना?"

कशाला, मी विचारलं.

"त्यांचं खरं आहे. मला कुनी सांगितलंच नव्हतं. ते अक्षर शिकवतील का, विचारते."

आता इथे — इथे मी काय केलं असेल? इथे तरी माणसानं मोडून पडावं की नाही? मी फूटपट्टीवाली संपादिका झाले. म्हटलं, पत्रलेखकाचा पत्ता संपादक कुणाला देत नसतो, सगळ्या मासिकांचा नियम आहे तो. तिला पटलं. तिला माझं सगळंच पटायचं. मग तिनं वहीचं पान फाडून तिथेच पत्र लिहिलं, घडी घातली आणि म्हणाली, "पत्ता तूच घाल, तूच टाक पोस्टात."

ते पत्र माझ्याकडे आहे. 'आदरणीय रसिक यांस, आपण लिहिलेत ते बरोबर आहे. आभारी आहे. मी दर रविवारी नाशिक रोडला येऊ शकते. फक्त ण शिकवाल का? बाकी गाणे मी बघून घेईन.' लिहिताना तिचा एकही ण चुकलेला नाही.

चार सोमवार ती विचारत होती, उत्तर आलं का गं? मी नाही म्हणायची. आणि ते खोटं नव्हतं, ही त्यातली सगळ्यात हलकट गोष्ट. पाचव्या सोमवारी तिनं विचारलं नाही. त्याच आठवड्यात सरांकडे जाऊन आपलं नाव मागे घेतलं. पुण्याला मी गेले. माझे सगळे ण शुद्ध आले. नंबर काही आला नाही. नंतर समूहगीत झालं, त्यात प्रभा माझ्या मागे कोरसमध्ये उभी होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मी गाता गाता कान देऊन ऐकलं.

'सा'चा दुसरा अंक निघालाच नाही. मी मराठीची शिक्षिका झाले. मुलांचं शुद्धलेखन तपासते — हसा, हसण्यासारखंच आहे.

गेल्या महिन्यात परीक्षेच्या कामासाठी सिन्नरला गेले होते. परतताना स्टँडवर, बाकावर एक पाच-सहा वर्षांची पोर पाय हलवत मोठ्यानं गात होती. आवाज ऐकला आणि मी वळून पाहिलं. तो आवाज मी ओळखत होते. शेजारी प्रभा. ती तिथल्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. मला बघून उठलीच, हात धरला, बाजूला बसवलं. पिशवीतून बाटली काढून म्हणाली, "सुधा, उन्हाची आलीस. पा… णी घे."

ण आला. स्वच्छ आला. पण त्याच्या आधी ती थांबली. मला वाटलं, धाप लागली असेल. मग पुन्हा, "को… णाकडे आली होतीस?" प्रत्येक ण पाशी तसंच. दारात उंबरा असावा आणि रोजच्या माणसानंही दर वेळी खाली बघून पाय टाकावा, तसं. नऊ वर्षं ती तसं बोलते आहे.

गातेस का, मी विचारलं. विचारायला जीभ कशी रेटली, देव जाणे.

"कुठलं गं," ती हसून म्हणाली, "बोलतानाच एवढं लक्ष ठेवावं लागतं. गाताना कसं ठेव… णार?" मग पोरीची वेणी नीट करत सहज म्हणाली, "ते रसिक होते बघ नाशिक रोडचे, त्यांचं पुढे काही कळलं का?"

त्या क्षणी सगळं तोंडाशी आलं होतं. शप्पथ सांगते, आलं होतं. आणि मी म्हणाले, "वारले गं ते."

तिचा चेहरा खरोखर उतरला. "अरेरे," ती म्हणाली. "फार जा… णकार होते."

माझी बस लागली. मी चढले. खिडकीतून हातही हलवला.

हे आधी कागदावर उतरवते आहे, कारण मी माझी जीभ ओळखते. समोर बसले की ती ऐन वेळी आणखी कुणाला तरी मारून टाकेल. लिहिलेलं मात्र तिला गिळता यायचं नाही. येत्या रविवारी सकाळच्या बसनं मी सिन्नरला जाणार आहे. प्रभाचं पत्र बरोबर घेतलं आहे, 'सा'चा अंक घेतला आहे, आणि ही पानं. तिनं काय म्हणावं, हे मी ठरवत नाही. माफी मागितली तर ती देऊन टाकेल, मला ठाऊक आहे, म्हणून मागणार नाही. पोरीनं पुन्हा गाणं म्हटलं तर मध्ये बोलणार नाही, एवढंच.

खऱ्या मासिकाची एक रीत मात्र तेव्हा राहून गेली. चूक झाली, तर पुढच्या अंकात एका चौकटीत ती दुरुस्त करतात. आमचा पुढचा अंक आला नाही, म्हणून ती चौकट इथे टाकते.

शुद्धिपत्र. 'सा', वर्ष पहिले, अंक पहिला, पान एकोणतीस: 'एक जाणकार रसिक, नाशिक रोड' याऐवजी 'सुधा, संपादिका' असे वाचावे.