सगळ्या विषयांत अ

माझं अक्षर सुंदर आहे. हे माझं मलाच सांगावं लागतं, कारण दुसरं कुणी सांगत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत मी तिसरी-चौथीला शिकवतो. पहिलं सत्र संपत आलं की मी प्रगतिपत्रकं भरायला बसतो आणि मला वाटतं, माझ्यासारखा माणूस शासनाला फुकट मिळाला. निळ्या शाईनं, वेलांट्या नीट वळवत, प्रत्येक मुलापुढे श्रेणी लिहायची. मग वर्णनात्मक नोंदी. 'आवड / छंद' या रकान्यात मी सगळ्यांना 'वाचन' लिहितो. एक मुलगा मधल्या सुट्टीत ओढ्यावर जायचा आणि खिशात जिवंत खेकडे घालून वर्गात यायचा. त्याच्यापुढेही मी 'वाचन' लिहिलं होतं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी पत्रकं वाटली आणि मी मोकळा झालो. सुट्टी संपून शाळा उघडली तर चौथीतली एक मुलगी येईना. ही मुलगी म्हणजे माझा अर्धा वर्ग. माझा घसा बसला की धडा तीच वाचायची, आणि खरं सांगायचं तर घसा बसलेला नसतानाही तीच वाचायची. तिला सगळ्या विषयांत अ-१ होती. चार-पाच दिवस वाट पाहिली आणि एका दुपारी गाडी ओढ्याअलीकडे लावून तिच्या घरी गेलो.

अंगणात बापानं कोयते काढून ठेवले होते. गोधड्या बांधलेल्या, भांडी पोत्यात भरलेली. दिवाळीनंतर आमच्या गावातली निम्मी घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, त्यामुळे त्याचं मला नवल वाटलं नाही. मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन दारात उभी होती. मला पाहून आत पळाली.

"भाऊ, पोरगी शाळेत का येत नाही?" मी विचारलं.

"तिला बरोबर नेतो आता," तो म्हणाला. "लहान पोराला सांभाळेल. शाळेत काही जमत नाही ना तिला."

"कोण म्हणालं?"

"तूच लिहून दिलं ना सर." त्याच्या बोलीत लहानमोठ्या सगळ्यांना 'तू' म्हणतात आणि त्यात अपमान नसतो. तो आत जाऊन पत्रक घेऊन आला. जपून, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं. "मी आश्रमशाळेत होतो. दहावीला बसलो. माझ्या निकालावर लिहून आलं होतं, अनुत्तीर्ण. इथं तर सगळ्या विषयांत अ आहे. चौकट लहान, म्हणून तू नुसता अ लिहिला."

वेलांट्या नीट वळवणाऱ्या माणसाला हे सुचलं नव्हतं.

"आणि पलीकडच्या पोराला बघ," तो पुढे म्हणाला. "ब-२. म्हणजे दोनदा बरा. त्याच्या घरी कोंबडी कापली."

"भाऊ, अ म्हणजे सगळ्यात चांगलं. अ-१ म्हणजे पहिल्या नंबरचं. तुमची पोरगी वर्गात सगळ्यात हुशार आहे."

तो हसला. रागानं नाही, समजुतीनं हसला. "ते तू सगळ्यांनाच सांगतो, सर. पलीकडे पण सांगितलं होतं. हुशार आहे, फक्त जरा लक्ष द्या."

हे खरं होतं. रस्त्यात कुणीही भेटलं आणि पोराचं विचारलं की माझ्या तोंडून हेच वाक्य बाहेर पडतं. इतकी वर्षं मी ते इतक्या जणांना सांगितलं होतं की आता खरंच हुशार मुलगी निघाली तर तिच्यासाठी माझ्याकडे शब्दच उरला नव्हता. मुकादमाची गाडी पुढच्या आठवड्यात येणार होती. मी म्हटलं, "जाण्याआधी एकदा शाळेत सभेला या." तो म्हणाला, "येतो."

मी पालक सभा बोलावली. शहाद्याच्या घरी संध्याकाळी भाषण लिहिलं, कार्डशीटवर तक्ता काढला. माझ्या अक्षरात तो असा उठून दिसत होता की मी त्याचा फोटो काढून आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला. सात अंगठे आले.

सभेला तीस-पस्तीस माणसं आली. बायका व्हरांड्यात भिंतीला टेकून, पुरुष पायऱ्यांवर. घरात सगळे पावरी बोलणारे, म्हणून अंगणवाडीच्या ताईंना मी सांगितलं होतं की माझं बोलणं त्यांना त्यांच्या भाषेत सांगा. मी उभा राहिलो. आकारिक मूल्यमापन म्हणजे काय, संकलित मूल्यमापन म्हणजे काय, दोन्हींची बेरीज होऊन श्रेणी कशी ठरते, बालकाच्या सर्वांगीण विकासात पालकांची भूमिका कोणती, हे सगळं मी सांगितलं. मध्येच माझा आवाज मलाच आवडायला लागला. थांबलो तेव्हा तक्त्याचा एक कोपरा सुटून लोंबत होता.

ताईंनी सगळ्यांकडे पाहिलं आणि एक वाक्य बोलल्या. छोटंसं.

"ताई, एवढंच?" मी हळूच विचारलं.

"हो सर. सांगितलं, सर म्हणतात पोरांना रोज शाळेत पाठवा."

मागून एक म्हातारी काही विचारू लागली. ताईंनी मला सांगितलं, "त्या विचारतात, माझा नातू पास आहे की नापास?"

"आजी, या वर्गात कुणी नापास नसतं," मी मोठ्या मनानं म्हणालो.

ताईंनी ते सांगितलं. म्हातारीनं लगेच दुसरा प्रश्न विचारला आणि सगळा व्हरांडा हसला. ताईंनाही हसू आवरेना. "त्या म्हणतात, नापास कुणीच नसतं, मग तुम्ही तपासता काय?"

मी चहा आणायला सांगितला. मुलीचा बाप चहा पिऊन, कप विसळून निघून गेला. जाताना म्हणाला, "चांगलं बोलला सर." त्या चांगल्या बोलण्यामुळे गाठोडं काही सुटलं नाही, हे मला दिसत होतं.

त्याच आठवड्यात शनिवारी माझ्या स्वतःच्या मुलीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. ती शहाद्यातच सेमी इंग्रजी शाळेत सहावीत आहे. मी आणि बायको गेलो. वर्गशिक्षिका तरुण होत्या, भराभर बोलत होत्या. समोर संगणकावर छापलेलं पत्रक होतं. त्यात रंगीत खांब होते, टक्क्यांचे गोल होते, कुठलीतरी सरासरी होती आणि आमच्या मुलीचा एक खांब त्या सरासरीच्या किंचित खाली होता. मी शिक्षक आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "सर, तुम्हाला तर काय सांगायचं." मी नंदीबैलासारखी मान डोलावली. प्रत्येक वाक्यावर डोलावली. एका ठिकाणी तर त्यांचं वाक्य संपायच्या आधीच डोलावली.

बाहेर आलो. बस स्टँडजवळ केळ्यांचा ट्रॅक्टर आडवा लागला होता म्हणून थांबावं लागलं. गाडीवर मागे बसलेल्या बायकोनं आमच्या अहिराणीत विचारलं, "काय म्हननी मॅडम?"

"चांगलं शे म्हने."

"काय चांगलं शे?"

मी ट्रॅक्टरवाल्याला हॉर्न दिला.

"तो हिरवा खांब खाले का बरं व्हता?" तिनं पुन्हा विचारलं.

"ते... एकंदर शे ते."

"तुमले समजनं का नही?"

"नही," मी म्हणालो. वीस वर्षांच्या नोकरीत एवढं सरळ उत्तर मी कुणाला दिलं नसेल.

"मंग घर जाईसन तिलेच वाचाले सांगा ना," बायको म्हणाली. "आपलेबी समजी जाई कुठे अडस ते."

घरी गेल्यावर मुलीला समोर बसवलं. मराठी ती घडाघडा वाचत होती. विज्ञानाचं इंग्रजी पुस्तक उघडलं तशी चाल मंदावली, मोठा शब्द आला की ती तो गिळून पुढे जायला लागली. बायकोला इंग्रजी येत नाही, पण प्रत्येक गिळलेल्या शब्दाला तिनं माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटली आणि जरा आनंदही झाला, कारण पुढच्या सभेत काय करायचं ते मला सापडलं होतं. बायकोला मी हे सांगितलं नाही. ती म्हणाली असती, हे तर मीच सुचवलं, आणि ते खरं असतं.

सोमवारी पुन्हा सगळ्यांना बोलावलं. या वेळी तक्ता नव्हता, भाषणही नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते मला कळेना. प्रत्येक मुलाला आपल्या आईबापाजवळ बसवलं आणि एकेकाला पुस्तक दिलं. पलीकडच्या घरातला ब-२ वाला मुलगा आधी उठला. दोन शब्द, थांबा. एक शब्द, थांबा. त्याच्या आईला अक्षर ओळखता येत नव्हतं, पण दुसऱ्या ओळीलाच ती पुढे सरकली आणि ताईंना काही बोलली.

"विचारते, एवढा अडतो हा?"

"हो," मी म्हणालो. यावर 'फक्त जरा लक्ष द्या' जोडायचा मोह मी मोठ्या कष्टानं आवरला. "संध्याकाळी तुम्ही भाकरी करता तेव्हा याला चुलीजवळ बसवा. एक पान वाचू द्या. अडला की म्हणायचं, परत वाच. तुम्हाला वाचता आलं नाही तरी अडलेलं ऐकू येतं."

ताईंनी हे पावरीत सांगितलं आणि पहिल्यांदाच त्यांचं वाक्य माझ्याएवढं लांब झालं.

मग माझी मुलगी उठली. माझी म्हणजे वर्गातली. एक धडा तिनं थांबा न घेता वाचला. बाप मात्र मान हलवत म्हणाला, "हे पुस्तक तिला पाठ असेल, सर. रोज तेच वाचते." मी तिला दुसरं पुस्तक देणार तेवढ्यात त्यानं खिशातून आपला फोन काढला, कंपनीचा मराठी मेसेज उघडला आणि तिच्यापुढे धरला.

तिनं तो वाचला. तुमच्या रिचार्जची मुदत उद्या संपत आहे, आजच भरा आणि अखंड सेवेचा लाभ घ्या. 'अखंड'लाही अडली नाही. मग आईकडे वळून तिनं सगळं पावरीत सांगितलं आणि वर स्वतःचं एक वाक्य जोडलं. व्हरांडा हसला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, बाबा, उद्या तुझा फोन बंद पडेल," ताई म्हणाल्या.

बापानं फोन परत घेतला आणि तोच मेसेज स्वतः वाचू लागला. ओठ हलत होते. त्याला बराच वेळ लागला. वाचून झाल्यावर त्यानं मुलीकडे पाहिलं, मग बायकोकडे. दोघं पावरीत खूप वेळ बोलले. मला त्यातला एकही शब्द कळला नाही आणि मीही मध्ये तोंड घातलं नाही, ही माझी त्या दिवसातली सर्वांत मोठी कामगिरी. शेवटी बायको उठली, कडेवरच्या पोराला सावरलं आणि ताईंना सांगितलं की पोरगी आजीजवळ राहील, लहान्याला मी पाठीला बांधून नेईन. ऊसतोड करायची आणि पाठीवर पोर. ते ऐकून मी खाली पाहिलं.

गाडी आली तेव्हा मी वर्गावर होतो. मुलगी खिडकीजवळ बसली होती. गाडीचा आवाज लांब गेला तरी ती वहीत काहीतरी गिरवत राहिली. त्या दिवशी मी तिला वाचायला सांगितलं नाही, घसा खरंच बसला होता तरी.

या गोष्टीचा बोभाटा झाला. केंद्रप्रमुख म्हणाले, "सर, हा नवोपक्रम आहे, शिक्षण परिषदेत मांडा." झालं, माझ्या अंगात पुन्हा वारं शिरलं. मी पीपीटी केली. शीर्षक दिलं, 'पालकांच्या श्रवणाधारित सहभागातून अध्ययन निष्पत्तींचे अवलोकन'. परिषदेत मी बोलत राहिलो, पडद्यावर बाण येत-जात राहिले. धानोऱ्याहून पाहुण्या म्हणून आलेल्या एक ज्येष्ठ बाई पुढच्या रांगेत होत्या. त्यांनी हात वर केला.

"म्हणजे सर, तुम्ही पोरांना आईबापासमोर वाचायला लावलं?"

"हो."

"मग असं म्हणा ना."

टाळ्या त्यांनाच जास्त पडल्या.

ऊसतोडीला गेलेली माणसं होळीला परत आली. आमच्याकडे होळीसाठी माणूस कुठूनही येतो. होळी झाल्यावर दोन दिवसांनी, दुपारच्या वेळी तो बाप वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. उन्हानं काळवंडला होता, हातावर उसाच्या पानांचे ओरखडे होते. मी म्हटलं, "या भाऊ, बसा." पोरांच्या छोट्या सतरंजीवर तो मांडी घालून बसला. मला वाटलं, आभार मानायला आला असावा. मी चेहरा त्या हिशेबानं तयारही केला.

"वाचते ती," तो म्हणाला. "आजीच्या फोनवरून वाचायची, रोज ऐकायचो. आता गणित दाखव."

मुलीनं फळ्यावर भागाकाराचं उदाहरण घेतलं. पहिला अंक नीट काढला. दुसऱ्यावर शून्य यायचं होतं, तिथं ती थांबली. पुसलं, पुन्हा केलं, पुन्हा तिथंच थांबली. मी मदत करायला उठलो तर त्यानं हातानं मला बस म्हणून खूण केली.

"इथं अडली," तो म्हणाला.

"हो. शून्याचा भाग जरा कठीण असतो."

"तू शिकवलं का तो?"

मी आठवून पाहिलं. शून्याच्या भागाकाराच्या दिवसांत मी पीपीटीच्या बाणांचे रंग ठरवत होतो. वर्गाला मी उदाहरणं वहीत उतरवायला दिली होती.

"नीट नाही शिकवला," मी म्हणालो.

तो रागावला नाही. सतरंजीवर जरा मागे सरकून भिंतीला टेकला, म्हणजे लवकर उठायचा विचार नव्हता. "मग शिकव ना आता," तो म्हणाला. "मला पण कधी आला नाही तो."

मुलीनं माझ्या हातात खडू दिला. मी फळा पुसला आणि सोप्या उदाहरणापासून सुरुवात केली. शाळा सुटल्याची घंटा झाली, पोरं दप्तरं घेऊन पळाली, खेकडेवाला सगळ्यात पुढे. आम्ही तिसऱ्या उदाहरणावर होतो. ते मुलीच्या आधी बापाला सुटलं आणि ती त्याच्यावर चिडली.